डंकनसाहेबांचा मूळपुरुष

आमच्या ऑफिसात आठवडा शनिवारी सुरू होतो. शुक्रवारच्या सुट्टीत फॅक्सच्या मशीनमधून निघालेले कागद जमिनीवर गुंडाळ्या होऊन पडलेले असतात, आणि सगळ्यात आधी येणाऱ्यानं ते उचलून ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवायचे असा रिवाज आहे. सहा आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी सगळ्यात आधी मी आलो होतो. पहिला कागद व्हॉल्व्हच्या मापांचा होता, दुसरा कुणाच्या तरी व्हिसाचा, आणि तिसरा माझ्या नावाचा. पाठवणारी मार्गारेट, अमेरिकेतून, ओहायोहून. 'बाबा मंगळवारी दुपारी झोपेतच गेले. तुम्हाला कळवायला हवं होतं. ते तुमच्याबद्दल फार बोलायचे. आमच्या घरात तुम्हाला सगळे शेरीफचा नातू म्हणूनच ओळखतात…' एवढं वाचून मी तो कागद घडी करून खिशात घातला. तेवढ्यात लेले आत आले. लेले आमचे अकाउंटंट, पुण्याचे, पावणेआठच्या ठोक्याला हजर होणारे. "काय हो निमगावकर, तोंड का असं?" मी म्हटलं, "डंकनसाहेब गेले." लेले खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अरेरे. तुमच्यावर फार जीव होता त्यांचा." जीव होता हे खरंच आहे. म्हणूनच हे चार शब्द लिहायला मला सहा आठवडे लागले.

डंकनसाहेब म्हणजे आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख. आमची कंपनी बहरीनमध्ये पाण्याच्या पाइपलाइनी आखते. मी तिथं ड्राफ्ट्समन. आखातातलं युद्ध संपलं त्या वर्षी मी आलो, तेव्हा ते साठीच्या आसपास होते. उंच, वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात तीन पेन्सिली. बायको वारलेली, मुलगी तिकडे, आणि हे जुफैरच्या एका फ्लॅटमध्ये एकटे. अमेरिकन माणूस म्हटल्यावर मी जरा मोठ्या आवाजाची अपेक्षा केली होती. यांचा आवाज इतका हळू की पहिले सहा महिने मला वाटायचं, हे माझ्यावर कायमचे नाराज आहेत. आठ वर्षं इथं काढून अरबी म्हणाल तर त्यांना चारच शब्द यायचे, पण ते चार शब्द ते नेमके वापरायचे. ड्रॉइंग तपासून झालं की 'चेक्ड बाय' लिहिलेल्या चौकोनात सही करायची, पेन्सिल खिशात घालायची आणि म्हणायचं, "खलास." ते 'खलास' ऐकल्याशिवाय आम्हा कुणाला घरी गेल्यासारखं वाटायचं नाही.

पहिल्याच वर्षी मी एक माती खाल्ली. हमद टाउनच्या एका राउंडअबाउटजवळ पाइप टाकताना खाली खडक लागला, म्हणून कामगारांनी तो हातभर बाजूनं वळवून नेला. साइटवरून तशी चिठ्ठी आली होती. मी ती ड्रॉइंगवर चढवायची विसरलो. विसरलो ते लक्षात आलं तेव्हा मूळ ड्रॉइंगवर सह्या झाल्या होत्या. मग मी माझ्या अंगभूत हुशारीनं ब्लेड घेतलं, फिल्मवरची, म्हणजे आम्ही ज्या पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर ड्रॉइंग काढतो त्यावरची, शाईची रेघ हलक्या हातानं खरवडली आणि वळणदार नवी रेघ काढून टाकली, जणू ती पहिल्यापासून तिथंच होती. डंकनसाहेबांनी फिल्म उजेडापुढे धरली, खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि मला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "सुरेश, चूक झाली तर ब्लेड वापर, त्यासाठीच ते आहे. पण बदललेल्या जागेभोवती ढग काढायचा. आणि खाली रिव्हिजनच्या रकान्यात लिहायचं : काय बदललं, का बदललं, कुणी बदललं." ढग म्हणजे ढगासारखी नागमोडी रेघ, बदल कुठं झालाय ते बघणाऱ्याला लगेच दिसावं म्हणून आमच्या धंद्यात ती काढतात. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तो ढग काढला आणि मला म्हणाले, "काय घालायचं ठरलं होतं ते डिझाइन. जमिनीखाली खरोखर काय आहे ते अ‍ॅज-बिल्ट. पाणी फुटतं तेव्हा डिझाइन कामाला येत नाही." हे सगळं मी इतकं तपशिलात का सांगतोय ते पुढे कळेल.

त्यांना एकच नाद होता. त्यांचं घराणं मूळचं स्कॉटलंडचं. अडीचशे वर्षांपूर्वी, अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य असताना, अलेक्झांडर डंकन नावाचा कुणी एक माणूस जहाजानं करोलायनाला उतरला आणि त्याच्यापासून हे सगळे झाले. त्याच्यापासून खालचं सगळं त्यांना पाठ होतं. वरचं काहीच सापडत नव्हतं. घरातली दंतकथा अशी की, हा अलेक्झांडर एका टोळीप्रमुखाचा पुतण्या, चांदीची भांडी आणि स्वतःचे नोकर घेऊन आला होता. डंकनसाहेब ती गोष्ट सांगताना गालातल्या गालात हसायचे, पण सांगायचे मात्र दर वेळी. स्कॉटलंडमधल्या चर्चची दफ्तरं, अमेरिकेतल्या जिल्हा कचेऱ्या, कुठले कुठले लांबचे भाऊबंद, सगळ्यांना ते पत्रं लिहीत, उत्तराच्या टपालासाठी कूपन आत घालत, आणि महिनोन् महिने वाट बघत. मी त्यांच्यासाठी या वंशवृक्षाचं ड्रॉइंग काढायला घेतलं होतं. मोठ्या फिल्मवर, शाईनं, एखाद्या पाइपलाइनसारखंच : वर मुख्य लाइन, खाली फाटे. अलेक्झांडरच्या वरची जागा मोकळी ठेवली होती. मी एकदा विचारलं, "सर, तो टोळीप्रमुखाचा पुतण्या निघाला नाही तर?" ते म्हणाले, "मग नाही. मला डिझाइन नकोय, सुरेश. अ‍ॅज-बिल्ट पाहिजे."

आणि मग त्यांनी विचारलं, "तुझे लोक कोण होते?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. गुदैबियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चार मराठी घरं होती, आणि पहिल्या चहाच्या पहिल्या घोटाला तो यायचाच. निमगावकर का, कुठलं निमगाव, कुलदैवत कोणतं… लेल्यांनी तर विचारून विचारून माझ्यासाठी एक खंडोबा नक्की करून टाकला होता आणि मी मान हलवली होती. खरं असं, की निमगावकर हे आडनाव मी पाचवीत असताना वडिलांनी गॅझेटमध्ये छापून घेतलं. त्याआधी शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी आमची जातच लिहिलेली होती. आजोबा सखाराम गावचे येसकर. म्हणजे वेशीवर काठी घेऊन राखण करायची, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं, आणि संध्याकाळी घरोघर जाऊन भाकरी मागायची. वडिलांनी धम्म घेतला, नोकरी धरली, शहरात आले आणि आडनाव बदललं. ते म्हणायचे, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. आपलं मात्र सगळे विचारत्यात. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची." वडिलांनी मूठ झाकली ती मला खोली मिळावी, नोकरी मिळावी म्हणून. मी ती बहरीनला येऊनही उघडली नाही, त्याला तेवढं मोठं कारण नव्हतं. आमच्या घरातली बुद्धाची तसबीर हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत होती. एप्रिलमधल्या जयंतीला आमच्यातली पोरं हमद टाउनमध्ये जमायची. मी 'शिफ्ट आहे' असं सांगायचो. ड्राफ्ट्समनला कसली शिफ्ट…

तर डंकनसाहेबांना मी म्हटलं, "माझे आजोबा गावाचे राखणदार होते." त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे शेरीफसारखे?" त्यांच्याकडे शेरीफ म्हणजे कमरेला पिस्तूल लावणारा, तालुक्याचा पोलीसप्रमुख. माझ्या डोळ्यांपुढे आजोबांची घुंगरं लावलेली काठी आली. मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं." झालं. त्या दिवसापासून मी शेरीफचा नातू. नव्या माणसाशी ओळख करून देताना ते आवर्जून सांगायचे, आणि लेल्यांनाही सांगितलं. लेले मला म्हणाले, "म्हणजे पाटीलकी होती म्हणा की तुमच्याकडे." मी तेव्हाही मान हलवली. डंकनसाहेबांनी दुसरी एक कोरी फिल्म माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुझ्यासाठी. तुझं झाड काढ." मी त्यावर माझं, वडिलांचं आणि माझ्या मुलीचं, प्रज्ञाचं, नाव लिहून ती फिल्म ड्रॉवरमध्ये टाकून दिली.

तीनेक वर्षांनी त्यांचे डोळे गेले. सगळे नाही गेले. मधला भाग गेला. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. माणसाकडे बघायचं तर ते त्याच्या कानामागे कुठंतरी नजर लावायचे. कंपनीनं त्यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतलं, पण ड्रॉइंग तपासायचं काम संपलं आणि पत्रं वाचायचंही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दर शुक्रवारी सकाळी ते टॅक्सीनं गुदैबियाला यायचे. आमच्या बिल्डिंगखालच्या हॉटेलात आम्ही पुरीभाजी खायचो. त्यांना भाजीपेक्षा पुरी फुगलेली हवी असायची आणि ती फुटली की लहान मुलासारखे खट्टू व्हायचे. मग माझ्या गाडीतून जुफैरला त्यांच्या फ्लॅटवर जायचं. आठवड्याची पत्रं मी पोस्ट बॉक्समधून आणलेली असायची. जेवणाच्या टेबलावर दोन फायली. मी पत्र फोडायचो, मनातल्या मनात एकदा वाचायचो आणि मग मोठ्यानं. बहुतेक पत्रांत काहीच नसायचं. वाचायला सुरुवात करायच्या आधीच ते विचारायचे, "मफी?" म्हणजे इथल्या भाषेत, काही नाही ना? मी म्हणायचो, "मफी." मग ते एका फायलीकडे बोट करायचे. त्या फायलीवर त्यांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत तेच लिहून घेतलं होतं : मफी. ती फुगत चालली होती आणि दुसरी तशीच बारीक होती.

आणि मग एका शुक्रवारी ते पत्र आलं. करोलायनातल्या एका जिल्ह्याच्या दफ्तरात काम करणाऱ्या बाईंचं, टाइप केलेलं, दोन पानी. त्यांना जुन्या कोर्टाच्या कागदांत आमचा अलेक्झांडर सापडला होता. तो कुणाचा पुतण्या नव्हता. चांदीची भांडी नव्हती. जहाजाच्या भाड्यापोटी त्यानं स्वतःलाच बांधून दिलं होतं आणि बंदरात उतरताच धक्क्यावर एका मळेवाल्यानं त्याला सात वर्षांसाठी विकत घेतलं होतं. तो दोनदा पळाला. पहिल्यांदा सापडला तेव्हा मालकानं त्याच्या गळ्यात लोखंडी कडं घातलं. दुसऱ्यांदा पळाला तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात नाव बदलून राहिला. पुन्हा पकडला गेला, कोर्टानं त्याची मुदत वाढवली. पण सुटल्यावर त्यानं ते बदललेलं नाव टाकलं नाही. ते नाव डंकन. त्याआधीचं, खरं नाव अलेक्झांडर मॅकरे. तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्या गावचा तेही त्या कागदात लिहिलेलं होतं. इतकी वर्षं साहेब डंकन आडनावाच्या माणसाचा जन्म शोधत होते, आणि त्या नावाचा माणूस स्कॉटलंडमध्ये जन्मलेलाच नव्हता.

मी ते मनात वाचलं. त्या कड्याच्या ओळीवर परत येऊन ती पुन्हा वाचली. गळ्यातल्या मडक्याची गोष्ट आमच्यातल्या प्रत्येक मुलानं ऐकलेली असते. थुंकी जमिनीवर पडून जमीन बाटू नये म्हणून पूर्वजांच्या गळ्यात बांधलेलं मडकं. इथं लोखंडी कडं होतं. डंकनसाहेब माझ्या कानामागे बघत होते, म्हणजे नीट माझ्याकडेच बघत होते. "मफी?"

मी म्हटलं, "मफी."

मग मी पत्राची सुरुवात वाचून दाखवली. हवा बरी आहे, दफ्तराचं काम चालू आहे, आपल्या चिकाटीचं कौतुक वाटतं, वगैरे. बाकीचं गाळलं. ते म्हणाले, "चांगल्या बाई दिसतात," आणि नेहमीप्रमाणे फायलीकडे बोट केलं. मी फायलीत नुसतं पाकीट लावलं आणि पत्र खिशात घातलं.

का केलं, असं माझ्या बायकोनं, मंगलनं, मला त्या दिवशीच विचारलं. मी तिला म्हटलं, एवढा मोठा माणूस, आयुष्यभर सरदाराचा वंशज म्हणून जगला, त्याला या वयात सांगू की तुझा मूळपुरुष विकला गेला होता? त्याचं मन मोडलं असतं. ती म्हणाली, "त्यांचं, का तुमचं?" आणि आत निघून गेली. मी स्वतःला बरीच वर्षं तेच उत्तर दिलं, की मी दया केली. ते खोटं आहे. त्यांनी मला अ‍ॅज-बिल्ट पाहिजे असं स्पष्ट सांगितलं होतं. मीच असा माणूस, की ज्याला मूळ खालचं निघालं की ते झाकायचं असतं एवढंच ठाऊक. ते निघाल्याचा कुणाला आनंद होऊ शकतो हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. शिवाय मला भीती वाटली. हे वाचलं असतं तर ते हसून म्हणाले असते, "बघ सुरेश, आमचा असा निघाला. आता तुझ्या शेरीफचं सांग." त्यांच्या कड्यापुढे मला शेरीफ टिकवता आला नसता. आणि अजून एक आहे, जे मंगललाही मी कधी सांगितलं नाही. पत्र वाचताना क्षणभर मला बरं वाटलं होतं. या गोऱ्या साहेबाच्या मुळाशीही एक गळ्यात कडं घातलेला, नाव बदललेला माणूस आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे, याचं बरं वाटलं… ज्या माणसानं माझ्यासाठी हातानं ढग काढला होता, त्याच्या बाबतीत.

एक खोटं एकटं राहत नाही. दोन महिन्यांनी त्या बाईंनी पुन्हा लिहिलं : पत्र पोचलं का, आपल्याकडून काही कळलं नाही. मी डंकनसाहेबांच्या नावानं चार ओळींचं उत्तर टाइप केलं, पोचलं, आभारी आहे, आणि खाली त्यांची सही ठोकून दिली. त्यांची सही मला येत होती. इतक्या ड्रॉइंगवर बघितली होती. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि सगळ्यांनी नको म्हणत असताना स्कॉटलंडला गेले. देशाच्या पूर्वेला कुठंतरी एक गाव होतं, तिथल्या चर्चच्या आवारात डंकन नावाची बरीच थडगी असल्याचं त्यांना कुणी कळवलं होतं. ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं. विमानाचं तिकीट आणायला मी सोबत गेलो होतो. गाव चुकीचं आहे, किनाराच चुकीचा आहे, हे मला माहीत होतं. एवढ्या आठवड्यांत सांगायला किती वेळ लागला असता… एक पुरीभाजी संपायच्या आत सांगून झालं असतं.

परत आले ते सामान आवरायला. नेहमीच्या हॉटेलात बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. पाऊस होता, गवत गुडघाभर होतं, दगडांवरची अक्षरं झिजलेली. दिसत नव्हतं म्हणून एकेका दगडापुढे गुडघे टेकून त्यांनी बोटांनी अक्षरं चाचपून वाचली. पाच दिवस. "अकरा डंकन भेटले," ते म्हणाले, "सगळे सभ्य लोक. त्यातला माझा एकही नाही." मग हसले, आणि या वेळी मला विचारलं नाही. स्वतःच म्हणाले, "मफी." त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं अजून खरवडलेली होती. मी त्यांच्या ताटलीत माझी फुगलेली पुरी ठेवली. तेवढंच केलं.

मुहर्रकच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी एकटाच गेलो. वंशवृक्षाचे प्रिंट त्यांनी सोबत घेतले होते, मूळ फिल्म मात्र गुंडाळीच्या नळकांड्यात घालून माझ्या हातात दिली. "ओरिजिनल काढणाऱ्याकडेच राहावं," ते म्हणाले. "काही सापडलं तर रिव्हाइज कर." मी म्हटलं, "इंशाल्ला." त्यांनी माझ्या कानामागे बघत हात पुढे केला. पत्र तेव्हा घरी होतं, स्टीलच्या कपाटात, आमच्या पासपोर्टांखाली. त्यानंतर अडीच वर्षं ते ओहायोला मुलीकडे होते. वर्षाला दोन-तीनदा फोन यायचा. फोनवर ते कधी मूळपुरुषाचं काढायचे नाहीत. हमद टाउनची लाइन कशी आहे विचारायचे. मी म्हणायचो, ठीक आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखव सहन करता येते हेही मला तेव्हाच कळलं, आणि ही काही चांगली गोष्ट नाही.

परवा मार्गारेटचं टपालानं पत्र आलं. या उन्हाळ्यात सगळे डंकन एका ठिकाणी जमणार आहेत, साहेबांच्या आठवणीसाठी. वंशवृक्षाची प्रत प्रत्येक घराला द्यायची आहे, म्हणून मूळ फिल्म पाठवता का, असं तिनं लिहिलं आहे. 'बाबा म्हणायचे, त्या कागदावरची प्रत्येक रेघ खरी आहे, कारण ती सुरेशनं काढली आहे.'

ते वाक्य मी मंगलला वाचून दाखवलं, काही न गाळता. तिनं कपाट उघडून पासपोर्टांखालचं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. शुक्रवारची सकाळ होती. साहेबांची फिल्म नळकांड्यातून काढली, माझी ऑफिसच्या ड्रॉवरमधून आणून ठेवली होती, आणि दोन्ही घरच्या बोर्डावर लावल्या, माझी आधी. प्रज्ञा मागे येऊन उभी राहिली. ती आता नववीत आहे. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तरं देते. "बाबा, व्हाय इज अवर्स सो शॉर्ट?" मी तिला म्हटलं, "कारण तुझ्या बापानं पुढचं काढलं नाही." मग मी वडिलांच्या वर आजोबांचं नाव घातलं, सखाराम, आणि त्यापुढे शाळेच्या दाखल्यावर होतं तेच : सखाराम महार. खाली कंसात येसकर. प्रज्ञानं विचारलं येसकर म्हणजे काय, आणि मी तिला सांगितलं. काठी, घोडा, जनावर, भाकरी, सगळं. ऐकून तिनं त्या नावाखाली बोट ठेवलं. मग म्हणाली, "सो नॉट अ शेरीफ." मी म्हटलं, "नाही." लेल्यांकडे मुंबईचा पेपर आठवड्यानं पोचतो आणि ते पुरवण्याही सोडत नाहीत. तेव्हा हे पुरवणीत छापून आलं की त्यांनाही इथूनच कळेल. लेले, तो खंडोबा तुमचा तुम्ही ठेवा. चहाला मात्र या. तसबीर आता हॉलमध्ये आहे.

मग दुसरी फिल्म. ब्लेडनं मी अलेक्झांडरच्या नावापुढची शाई खरवडली आणि लिहिलं : मॅकरे, नंतर डंकन. वरच्या मोकळ्या जागेत त्याच्या गावाचं नाव घातलं. बाजूला बारीक अक्षरांत धक्का, सात वर्षं, कडं, दोनदा पळाला. सगळ्याभोवती ढग काढला. मग रिव्हिजनचा रकाना. मार्गारेटला वाचता यावं म्हणून इंग्रजीत लिहिलं. मराठीत ते असं होतं. काय बदललं : मूळपुरुषाचं खरं नाव. कुणी बदललं : सुरेश निमगावकर. 'का' याच्यापुढची जागा मी मागे ठेवली होती. शेवटी लिहिलं : ज्याला हे वाचून दाखवायला सांगितलं होतं, त्यानं ते चार वर्षं लपवलं.

बाईंचं पत्र आणि मार्गारेटला लिहिलेलं माझं पत्र त्या नळकांड्यात घातलं आहे. उद्या सकाळी पोस्टात देईन. फिल्म गुंडाळायच्या आधी एकदा उजेडापुढे धरून बघितली, ते बघायचे तशी. सगळे रकाने भरले आहेत. 'चेक्ड बाय'चा चौकोन तेवढा रिकामा आहे. त्यांची सही मला येते, पण तिथं मी हात लावलेला नाही.